पंधरा ताटं

आमच्या दुकानाच्या पायरीवर सहादू साळवे पस्तीस वर्षं बसला. नेवाशाच्या पेठेत तेव्हा भांड्यांची दुकानं तीन होती, पण भांड्यावर नाव घालणारा माणूस एकच. त्यामुळं लोक भांडं कुठूनही घेवोत, नाव घालायला आमच्याच पायरीशी यायचे आणि आले की आत डोकावून एखादा तांब्या जास्तीचा घेऊन जायचे. माझ्या वडलांनी त्याला पायरीवर जागा दिली ती काही उपकार म्हणून नव्हे. त्यात फायदा आमचाच होता आणि वडलांच्या माघारी तो मीही बिनबोभाट घेत राहिलो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढं बरंच काही कबूल करायचं आहे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. सहादूचा मुलगा भीमराज अजून परत आलेला नाही. बाप-लेकांची गळाभेट वाचायला मिळेल म्हणून कुणी बसलं असेल, तर त्यानं खुशाल उठावं.

सहादू माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला ‘शेट’ म्हणायचा, अहोजाहो करायचा. आमच्या वडलांच्या वेळेपासून तसंच चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नाही. दुकानात तीनशे पेले मांडलेले असायचे, पण सहादू चहा प्यायचा तो पिशवीतून आणलेल्या स्वतःच्या पेल्यातून. छगन चहावाला वरून ओतायचा. ‘सवय हाय शेट’ असं सहादू म्हणायचा आणि मीही ‘असते एकेकाला सवय’ म्हणून सोडून द्यायचो.

कामाला मात्र हा माणूस सोनं होता. सुरुवातीला छिन्नी आणि चिमुकली हातोडी. तांब्या-पितळेवर एकेक टिंब ठोकत नाव उमटायचं. पुढं स्टील आलं आणि विजेवर चालणारं पेनासारखं मशीन आलं. मशीनचा आवाज दातात शिरायचा. गिऱ्हाईक पळून जाईल असं मला वाटायचं, पण उलट लोक तो आवाज ऐकूनच यायचे. लाईट गेली की सहादू पुन्हा हातोडी काढायचा. लग्नाच्या भांड्यांवर ‘मामाकडून’, ‘आत्याकडून’. गेलेल्या माणसाच्या माघारी दिलेल्या भांड्यांवर हिंदूंचं ‘कैलासवासी’, मुसलमानांचं ‘मरहूम’, त्याच्या स्वतःच्या बौद्ध समाजाचं ‘कालकथित’. कुणाला काय लागतं हे त्याला सांगावं लागत नसे.

त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकानं चिठ्ठी दिली की तो ती मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचा, ‘बराबर हाय?’ गिऱ्हाईक हो म्हणालं की पुन्हा एकदा विचारायचा. मशीन लावायच्या आधी तिसऱ्यांदा. लोक वैतागायचे. मी तर कितीदा ओरडलो असेन, ‘अरे, दस्त नोंदवतोयस का?’ तो म्हणायचा, ‘खोडता येत न्हाई शेट. शाई न्हवं ही.’

तीनदा विचारणारा हा माणूस आयुष्यात एकदाच न विचारता वागला, आणि त्याला तसं वागायला मी लावलं.

ती संक्रांत नव्वद सालची. भीमराज तेव्हा वीस वर्षांचा होता. बारावी झालेला, नोकरीच्या शोधात असलेला आणि नोकरी लागेपर्यंत बापाशेजारी बसून नावं घालणारा. त्याचं अक्षर बापाहून सुंदर होतं. वळणदार, एका उंचीचं. सहादू स्वतः तोंडावर कधी कौतुक करायचा नाही, पण लग्नाचा मोठा आहेर आला की गुपचूप मशीन पोराकडं सरकवायचा. मोठ्या बहिणीचं, यशोधराचं लग्न होऊन ती श्रीगोंद्याला गेलेली, जावई साखर कारखान्यात. पोराला एकदा चिकटवला की सुटलो, असं सहादू आणि त्याची बायको चांगुणाबाई दोघंही म्हणायची.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी फळीवर हात घातला तर वाट्या गायब. बुडाला कमळाचा ठसा असलेल्या दोन डझन वाट्या मी मुंबईहून मुद्दाम मागवल्या होत्या. आदल्या आठवड्यात नोकर रजेवर होता म्हणून आतल्या खोलीतून माल काढायला एक-दोनदा भीमराजला पाठवलं होतं. मला दुसरं काही सुचलंच नाही. आता वाटतं, सुचवून घ्यायचंच नव्हतं. गादीवरून मी ओरडलो, ‘सहादू, तुझ्या पोराला विचार माझ्या वाट्या कुठायत!’

बाजारचा दिवस. पायरीशी गर्दी. भीमराज म्हणाला, ‘मी न्हाई घेतल्या.’ एवढंच. मी म्हणालो, ‘मग काय पाय फुटले?’ सहादू उठला. त्यानं चिठ्ठी तीनदा वाचली नाही, एकदासुद्धा नाही. सगळ्यांसमोर पोराच्या दोन मुस्काटात दिल्या.

भीमराजनं हातातला पेला खाली ठेवला. मशीन बंद केलं, वायर काढून नीट गुंडाळली आणि पायरी उतरून गेला. संध्याकाळच्या पुण्याच्या एसटीत त्याला कुणीतरी बसताना पाहिलं. पेल्यावर नाव अर्धंच झालं होतं आणि पेला ज्यांचा होता ती माणसं समोर उभी होती. सहादूनं खाली बसून उरलेलं अर्धं नाव पुरं केलं.

आता माझा भाग. रथसप्तमीला मी घरी जेवायला बसलो आणि मुक्तानं, माझ्या बायकोनं, ताटात लोणच्याची वाटी ठेवली. बुडाला कमळ होतं.

‘ही कुठली?’

‘कुठली म्हणजे? आपल्याच दुकानातली. तुम्ही नगरला गेला होता ना, त्या दुपारी मी किल्ली घेऊन मागच्या दारानं गेले नि काढल्या. वाण लुटायला काहीतरी नको का? अठरा गेल्या, सहा उरल्यात.’

भीमराजनं भांडी चोरली एवढं तिच्या कानावर आलं होतं. कोणती, ते मी घरी सांगितलं नव्हतं. दुकानातलं घरी सांगायची आमच्यात रीत नाही आणि घरातलं दुकानात सांगायची तिलाही गरज वाटली नाही. अशी आमची रीत. मी सांगितलं तेव्हा ती तिथंच बसली आणि रडायला लागली. म्हणाली, ‘आत्ता उठा, जा नि सांगा.’ मी म्हणालो, ‘पोरगं येऊ दे. आलं की सांगतो.’ उरलेल्या सहा वाट्या तिनं फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या.

मी नंतर पुष्कळदा हिशेब लावला. अठरा वाट्या अठरा घरांत गेल्या. त्यातली एक जरी सहादूच्या घरी गेली असती, तर संक्रांतीच्या संध्याकाळीच त्यानं ती उलटी करून बघितली असती आणि दुसऱ्या दिवशी मला हसून म्हणाला असता, ‘शेट, तुमच्या वाट्या वैनींनी लुटल्या की.’ पण चांगुणाबाईला आमच्याकडं हळदीकुंकवाला कोण बोलावणार? ते लोक बौद्ध, ती आलीही नसती कदाचित. ते खरं असेल. पण तिला येऊ की नको हे ठरवायची वेळच आम्ही कधी आणली नाही.

त्या जूनमध्ये चांगुणाबाई पहिल्यांदा दुकानात आली. तोवर तिला मी लांबूनच ओळखायचो. उंच, सावळी, दुसऱ्यांची धान्यं निवडून-पाखडून देणारी बाई. पायरीवर नवऱ्याकडं न बघता ती थेट आत आली आणि म्हणाली, ‘एक ताट द्या. चांगलं जड.’ बाहेर नेऊन सहादूपुढं ठेवलं. ‘नाव घाला. भीमराज.’

सहादू खाली बघत म्हणाला, ‘त्याचं नाव माझ्याम्होरं काढू नको.’

‘काढत न्हाई. तुमी घाला.’

तो घालेना. ती हालेना. गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी त्यानं मशीन सुरू केलं. या वेळी त्याला चिठ्ठी वाचायची गरज नव्हती.

ते ताट ती नगरच्या बोर्डिंगात घेऊन गेली. त्याचं कारण सांगायला हवं. सहादू लहानपणी पोरका झाला आणि त्या बोर्डिंगात राहून सातवीपर्यंत शिकला. ताटं कमी, पोरं जास्त. म्हणून दोन पंगती बसायच्या. मोठी पोरं आधी, धाकटी नंतर. दुसऱ्या पंगतीला येईपर्यंत आमटीचं पाणी व्हायचं आणि भाकरी संपत आलेल्या असायच्या. स्वयंपाकाला गोजरबाई नावाची एक बाई होती. ती चुलीमागं एक जर्मलचं ताट पालथं घालून ठेवायची आणि त्याखाली सहादूची भाकरी झाकलेली असायची. रोज. तिनं कधी त्याला जवळ घेतलं नाही की गोड बोलली नाही, म्हणायचा. नुसतं हनुवटीनं चुलीमागं दाखवायची. ‘तेवढ्यावर मी जगलो शेट,’ असं तो सांगायचा, तेव्हा एरवी कोरडा असलेला त्याचा आवाज जरा फाटायचा. मशीनवर कमाई व्हायला लागल्यापासून तो दरवर्षी बोर्डिंगाला काही ना काही द्यायचा. ओगराळं, पातेली, पाणी प्यायचे पेले. त्यावर नाव मात्र घालायचा नाही. अख्ख्या तालुक्याची नावं घालणाऱ्याची भांडी कोरी. मी चिडवायचो. तो म्हणायचा, ‘गोजरबाईनं ताटावर नाव घातलं हुतं का?’

चांगुणाबाईचं म्हणणं वेगळं होतं. शाळेत घालताना मास्तरांनी भीमराजची जन्मतारीख एक जून लावून टाकलेली, गावातल्या निम्म्या पोरांची असते तशी. तिनं तीच धरली. दर जूनला, बोर्डिंग उघडलं की एक ताट. ‘माझा कुटं जेवत असंल ते ठावं न्हाई,’ तिनं मुक्ताला सांगितलं होतं, ‘पर कुनाच्या तरी पोराम्होरं मी ताट ठिवलं, तर त्याच्याबी म्होरं कुनीतरी ठिवील.’ पहिल्या वर्षी ताट बघून तिथल्या गृहपालांनी हळहळून विचारलं, ‘कधी गेला हो मुलगा?’ त्यांची काय चूक? दानाच्या भांड्यावर नाव असतं ते गेलेल्याचंच. चांगुणाबाई एवढी भडकली म्हणतात, की गृहपाल दोन पावलं मागं सरले. ‘गेला न्हाई. जेवतोय तो!’

अशी सात ताटं झाली. सातही वर्षं मी ताट काढून दिलं, पुसून दिलं, आणि तोंड उघडलं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, भीमराज येईल तेव्हा सांगू. तिसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगून काय उपयोग. पाचव्या वर्षी मला राग यायला लागला, भीमराजचा. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? बापाच्या दोन थपडा कुणी खाल्ल्या नाहीत? अपराध लपवणाऱ्याला राग फार लवकर येतो, हे मी स्वतःवरून सांगतो. मुक्तानं मात्र त्या दिवसापासून घरी हळदीकुंकू केलं नाही.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत चांगुणाबाई गेली. पोटाचं दुखणं होतं, नगरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. यशोधरा येऊन राहिली, सगळं विधिवत केलं आणि बापाला म्हणाली, ‘दादा, चला माज्यासंगं श्रीगोंद्याला.’ तो म्हणाला, ‘जाईन जाईन.’ गेला नाही.

त्यानंतरचा सहादू बघवत नव्हता. सकाळी मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर हजर. संध्याकाळी शटर ओढलं तरी उठायचा नाही. मी म्हणायचो, ‘घरी जा रे.’ तो म्हणायचा, ‘जातो की.’ आणि बसून राहायचा. दुपारी फडकं सोडून एक भाकरी खायचा, कधी कांदा, कधी नुसतीच. एकदा मी विचारलं, रात्री काय करतोस जेवायला? तर म्हणाला, ‘एकल्यासाठी चूल पेटवायला लाज वाटती.’ डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. हात थरथरायला लागले. पेठेतली नवी पोरं दुसऱ्या दुकानात तसलंच मशीन चालवायला लागली होती. सहादूपुढं कुणी भांडं ठेवेना. तरी तो मशीन बाहेर काढून, पुसून, मांडून बसायचा. रस्त्याकडं तोंड करून. माझ्या गादीवरून मला त्याची पाठ दिसायची, आणि त्या उन्हाळ्यात मला त्या पाठीकडं बघणं जड जायला लागलं.

जून आला. सहादू आत आला आणि म्हणाला, ‘शेट, ताटं पायजेत. एक न्हाई, जरा जास्ती. बोर्डिंगात अजून दोन पंगती बसत्यात. चांगुनाच्या लई मनात हुतं, एकच पंगत व्हावी.’

मी म्हणालो, ‘ने लागतील तेवढी. माझ्याकडून.’

‘का?’

त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. चिठ्ठी वाचून ‘बराबर हाय?’ विचारायचा तसं. मी म्हणालो, ‘चांगुणाबाईसाठी.’ तो म्हणाला, ‘तिच्यासाठी तुमी का?’ आणि थांबला. उत्तर घेतल्याशिवाय हा हलायचा नाही, हे मला पस्तीस वर्षांचा अनुभव असल्यामुळं ठाऊक होतं. मी गादीवरून उतरून त्याच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. वाट्या, मुक्ता, वाण, रथसप्तमी, सगळं. सांगताना मी त्याला ‘सहादूभाऊ’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला कधी लागलो ते माझं मला कळलं नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘ठावं हाय.’

‘काय?’

‘त्याच सालच्या उन्हाळ्यात चांगुना सूर्यभान मास्तरांच्या घरी गहू निवडाया गेल्ती. मास्तरीन बाईनं ताक दिलं. वाटीच्या बुडाला कमळ. तिनं इच्चारलं, कुठली वो वाटी? त्या म्हनल्या, काकासाहेबांच्या मुक्ताबाईनं संक्रांतीला लुटली.’

सात वर्षं हा माणूस माझ्याकडं पाठ करून माझ्याच पायरीवर बसला होता, सगळं माहीत असून. मी कसंबसं विचारलं, ‘मग आलात कशाला दुसऱ्या दिवशी? थुंकायचं होतंत माझ्या तोंडावर.’

‘पोरगं आलं तर हितंच येईल,’ तो म्हणाला. ‘जिथनं गेला तिथंच. दुसरीकडं बसलो तर त्याला कसं कळनार? आन् दुसरं म्हंजी, तुमी सांगाल म्हनून वाट बघितली. पयल्या वर्साला वाटलं आज सांगतील, उद्या सांगतील. चांगुनाबी इच्चारायची, बोल्लं का शेट?’

चांगुणाबाई सात वर्षं, दर जूनला, माझ्या समोर उभी राहिली. चांगलं जड ताट द्या म्हणाली. दर वेळी ती माझ्या तोंडाकडं बघायची ते मला आठवलं आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्याची क्षमा हवी होती. ती मी मागितलीही.

‘मला काय मागता?’ सहादू म्हणाला. रागानं नाही, थकून. ‘थपडा म्या मारल्या. लोकांची नावं तीन-तीनदा इच्चारून घातली, पोटच्या पोराला येकदा इच्चारलं न्हाई. तुमी त्याचं नाव घेतलं, म्या खरं केलं. माझं मी बघीन. तुमचं त्याला सांगायचं. त्यो न्हाई, तर ज्यांनी बघितलं त्यास्नी सांगा.’

मग तो उठून पायरीवर गेला. मशीन उचलून त्यानं माझ्या हातात दिलं. ‘ताटं तुमची ना? नाव पन तुमीच घाला. आत्ता जे बोल्लात ते.’

‘किती ताटांवर?’

‘त्या दिशी पायरीम्होरं किती मानसं हुती?’

आम्ही दोघांनी बसून आठवलं. मी, छगन चहावाला, सूर्यभान मास्तर, शेजारचा शिंपी, पेल्यावर नाव घालायला आलेलं कुकाण्याकडचं कुटुंब, त्यातली माणसं पाच, खांबाच्या देवळाकडं निघालेल्या तीन बायका, दोन हमाल आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला. मला सारी तोंडं लख्ख आठवत होती. पंधरा भरली.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी सहादूच्या जागेवर बसलो. अठ्ठावन्न सालचं दुकान आमचं, पण त्या पायरीवर मी कधी बूड टेकलं नव्हतं. तिथून माणसांचे आधी पाय दिसतात. तोंड बघायचं तर मान वर करावी लागते. वहाणा, बूट, अनवाणी पाय, फुटलेल्या टाचा. सात वर्षं सहादू असल्या पायांत एक जोडी शोधत होता, हे मला तेव्हा समजलं.

ताटाच्या काठावर मी लिहायला लागलो. ‘भीमराज साळवेनं वाट्या चोरल्या नव्हत्या. त्या माझ्या घरात होत्या. काकासाहेब, नेवासा.’ मशीन हातात उड्या मारायचं. पहिल्या ताटावरची अक्षरं डोंगर चढून उतरली. लोक थांबायला लागले. शेटनं दुकान सोडून हे काय मांडलंय? विचारलं की मी वाचून दाखवायचो. मोठ्यानं. छगननं ऐकलं आणि किटली खाली ठेवून उभाच राहिला. सूर्यभान मास्तर आता काठी टेकत चालतात. ते म्हणाले, ‘कशाला हे आता, काकासाहेब? पेठेत शोभा.’ सहादू शेजारी बसलेला. तो म्हणाला, ‘थपडा पेठेतच बसल्या हुत्या, मास्तर.’

दुपारी मुक्ता आली. फडक्यात बांधलेल्या सहा वाट्या तिनं सहादूपुढं ठेवल्या आणि पदर तोंडाला लावून पायरीवर खालीच बसली. सहादूनं एक वाटी उचलली, उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितली. ‘हीच व्हय,’ म्हणाला आणि परत ठेवली.

पंधरा ताटं पुरी व्हायला संध्याकाळ झाली. माझी बोटं बधिर झाली होती. ज्यांनी ऐकायचं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं. ज्यानं वाचायचं होतं, तो कुठं आहे हे त्या गर्दीत कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी आम्ही दोघं एसटीनं नगरला गेलो. ताटांचं गाठोडं मी मांडीवर घेतलं होतं. बोर्डिंगात कमी पडत होती बारा, त्यामुळं सगळी पोरं एका पंगतीला बसून तीन ताटं उरली. गृहपाल म्हणाले, आता तुम्हीही बसा. एक ताट सहादूपुढं आलं, एक माझ्यापुढं. तिसरं कोरडंच बाजूला राहिलं. समोरचा एक मुलगा काठावरचं अडखळत वाचत होता. त्यानं शेजारच्याला विचारलं, ‘भीमराज कोण रे?’ शेजारच्याच्या ताटावरही तेच नाव. एकेक करत बारा ताटं वाचली गेली आणि ‘भीमराज’ ‘भीमराज’ असं पंगतभर झालं. कुणी ओरडलं नाही, पोरं नुसती वाचत होती. सहादू मान खाली घालून बसला होता.

वाढप्यानं भाकरी टाकली, आमटी ओतली. सहादूनं जेवायला हात घातला नाही. त्याला आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यानं ताटाच्या काठावर बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू फिरवत नेलं.

‘वाकडं आलंय, सहादूभाऊ,’ मी म्हणालो.

‘व्हय,’ तो म्हणाला. बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं. ‘पोराचं अक्षर लई चांगलं हुतं.’